हलाल घराचा हिशेब

स्वतःच्या घराचा विषय आमच्यासारख्या नोकरदार मुस्लिम घरात निघाला की बोलणं दोन मिनिटांत व्याजावर येतं आणि तिथेच अडतं. एक जण म्हणतो, "बँकेचं कर्ज काढल्याशिवाय आजकाल कोणाचं घर झालंय?" दुसरा म्हणतो, "व्याजाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या घरात बरकत कुठून येणार?" चहा संपतो, पाहुणे उठतात आणि घराचा विषय पुढच्या ईदपर्यंत तसाच राहतो. आम्ही दोघांनी २०१७ ते २०२४ अशी सात वर्षं तयारी करून मिरजेत आमचं पहिलं घर घेतलं, बँकेचं कर्ज न काढता. या सात वर्षांत एक गोष्ट आम्हाला नीट कळली. व्याज टाळलं म्हणजे घर आपोआप हलाल होत नाही. जकात दिली का, विकणाऱ्याच्या बहिणींना त्यांचा वाटा मिळाला का, खरेदीखतात खरी किंमत लिहिली का, उसने घेतलेले पैसे कागदावर आले का, घरातल्या बाईचा पैसा तिच्या नावावर धरला का, हे सगळे प्रश्न त्याच हिशेबात येतात. म्हणून हा अनुभव आकड्यांसह लिहीत आहोत. कोणाला त्यातला एखादा रकाना उपयोगी पडला तर आनंद आहे.

आमच्या घरात एक पगार अनुदानित शाळेतला आणि दुसरी मिळकत घरच्या शिलाई मशीनवरची. दोन मुलं, अम्मी आणि अब्बा. लग्नानंतर भाड्याची चार घरं झाली. अकरा महिन्यांचा करार संपत आला की पोटात गोळा यायचा. नवं घर शोधताना दलाल फोनवर गोड बोलायचा, नाव सांगितलं की "मालकांना विचारून सांगतो" म्हणायचा आणि मग त्याचा फोन लागत नसे. ज्यांनी हे भोगलं आहे त्यांना स्वतःचं दार म्हणजे काय ते समजावून सांगायला नको.

कर्जाचा विचार आम्ही केला नाही असं नाही. २०१७ साली आम्हाला हवं तसं घर साधारण १७ लाखांत मिळत होतं. १५ लाखांचं कर्ज, ९ टक्के दर आणि २० वर्षांची मुदत धरून आम्ही गणित मांडलं. महिन्याचा हप्ता सुमारे १३,५०० रुपये येत होता. वीस वर्षांत एकूण ३२ लाख ४० हजार भरायचे, म्हणजे मुद्दल १५ लाख आणि व्याज १७ लाख ४० हजार. व्याज मुद्दलापेक्षा जास्त. तरीही प्रामाणिकपणे सांगायचं तर तो हप्ता आम्हाला परवडला असता. ओढाताण झाली असती, पण घर त्याच वर्षी झालं असतं. आम्ही कर्ज काढलं नाही ते न परवडल्यामुळे नाही. सूरह बकरामध्ये व्याजाबद्दल जी ताकीद आहे ती वाचल्यावर त्या कागदावर सही करायला हात उचलेना, एवढंच.

या निर्णयाची किंमत आम्ही मोजली आणि तीही इथे लिहिली पाहिजे. सात वर्षांत महिना ७,५०० प्रमाणे ६ लाख ३० हजार रुपये भाडं गेलं. १७ लाखांचं घर २४ लाखांवर पोहोचलं. आणि २०२२ मध्ये अब्बा गेले. आमच्या दारावर आपल्या हाताने नावाची पाटी लावायची एवढीच त्यांची इच्छा होती. भाड्याच्या घरातूनच त्यांचा जनाजा निघाला. त्या दिवसांत एका नातेवाइकाने सहज म्हटलं, "कर्ज काढलं असतं तर बिचाऱ्यांनी घर पाहिलं असतं." ते खोटं नव्हतं. अम्मी मात्र म्हणाल्या, "तुमच्या अब्बांनीच तर सांगितलं होतं, माझ्यासाठी घाई करू नका." त्यानंतर हा विषय घरात कोणी काढला नाही. ज्यांनी कर्ज काढून घर घेतलं त्यांना नावं ठेवायचा आम्हाला हक्क नाही. प्रत्येकाची नड वेगळी असते, आणि नडीबद्दल वेगळं मत देणारे उलेमाही आहेत. आम्ही आमच्यापुरता निर्णय घेतला होता.

आपल्या देशात बिनव्याजी गृहकर्ज देणारी बँक का नाही, असं अनेक जण विचारतात. हा विषय सरकारदरबारी आलाच नाही असं नाही. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँक व्यवहाराची शिफारस केली होती. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच नेमलेल्या दीपक मोहंती समितीने बँकांमध्ये बिनव्याजी खिडकी असावी असं सुचवलं. पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं. त्यामुळे आखाती देशांत किंवा मलेशियात बँक आणि ग्राहक भागीदारीत घर घेतात आणि ग्राहक हळूहळू बँकेचा वाटा विकत घेतो, तशी सोय इथल्या बँकेत मिळत नाही. ही पोकळी पाहून 'हलाल नफ्या'च्या नावाखाली पैसे गोळा करणारेही निघाले. २०१९ मध्ये बंगळुरूत अशाच एका कंपनीत हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्याची पुंजी अडकली. दाढी-टोपी आणि कुरआनच्या आयती लावलेलं कार्यालय पाहून पैसे द्यायचे नाहीत, हा नियम आम्ही तेव्हाच वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

ती वही म्हणजे साधी दोनशे पानी वही. जून २०१७ पासून दर महिन्याच्या पाच तारखेला १५,००० रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे, असं ठरलं. उरले तर टाकू असं म्हटलं असतं तर कधीच उरले नसते. पगार झाला की आधी घराचे पैसे, मग भाडं, मग बाकी सगळं. याआधी सहा महिन्यांच्या खर्चाइतके, म्हणजे दीड लाख रुपये, 'अडीनडीचे' म्हणून बाजूला ठेवले होते. ते घराच्या पैशांत मिसळायचे नाहीत असं पक्कं केलं. अब्बांच्या आजारपणात त्याच पैशांनी हात दिला आणि घराच्या खात्याला धक्का लागला नाही. नंतर वर्षभरात ते परत भरले.

काटकसर कुठे केली, हे बायका हमखास विचारतात. कुरबानी आणि मुलांची फी यांना हात लावला नाही. लग्नांतला आहेर, नवे मोबाइल, ईदचे प्रत्येकी दोन-दोन जोड, बाहेरची बिर्याणी आणि दरवर्षीची मुंबईची चक्कर यांना लावला. मोठ्या मुलाला दहाव्या वर्षीच वही दाखवली. जमा-खर्च तोच लिहायचा. मग "अब्बू, सगळ्यांकडे आहे" हे वाक्य घरात कमी झालं.

खात्यावर बँक जे व्याज टाकायची ते दर सहा महिन्यांनी पासबुकातून मोजून काढायचो आणि सवाबची नियत न ठेवता गरजूंना द्यायचो. ते सोपं होतं. अवघड होती जकात. पहिल्या वर्षअखेरीस खात्यात १ लाख ८० हजार जमले तेव्हाच प्रश्न उभा राहिला. घर ही तर गरज आहे, तिच्यासाठी साठवलेल्या पैशांवर जकात कशाला? आम्ही आमच्या मशिदीच्या मुफ्तीसाहेबांकडे गेलो. त्यांचं उत्तर सरळ होतं. राहत्या घरावर जकात नाही, पण घर होईपर्यंत ते पैसे रोकड आहेत. ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीएवढ्या निसाबच्या वर रक्कम असेल आणि तिच्यावर चांद्र वर्ष उलटलं तर अडीच टक्के निघालेच. मग दर रमजानमध्ये ते निघत गेले. पहिल्या वर्षी ४,५००, दुसऱ्या वर्षी ९,०००, सहाव्या वर्षी २७,०००. सगळे मिळून सुमारे ९५ हजार. हे पैसे आम्ही घराच्या खात्यातून काढले नाहीत, घरखर्चातून काढले, आणि शेवटची दोन वर्षं ते फार जड गेलं. पण वहीत जकातीचा रकाना भरला की मागची सगळी रक्कम स्वच्छ झाल्यासारखी वाटायची.

भिशीबद्दल एक शब्द. आमच्या गल्लीत दोन भिश्या चालतात. एकीत वीस जणी महिन्याला ठरलेली रक्कम भरतात आणि चिठ्ठी निघेल तिला सगळी रक्कम मिळते. प्रत्येकीने जेवढं भरलं तेवढंच तिला मिळतं, फक्त आधी किंवा नंतर. दुसरी लिलावाची. ज्याला घाई आहे तो एक लाखाऐवजी पंच्याऐंशी हजार घ्यायला तयार होतो आणि उरलेले पंधरा हजार बाकीचे वाटून घेतात. नडलेल्याने कमी घ्यायचं आणि थांबणाऱ्याला जास्त मिळायचं, हे व्याजच झालं, फक्त त्याला भिशी म्हणायचं. चिठ्ठीच्या भिशीत आम्ही होतो. शिलाईचे पैसे तिथेच साठले.

पैशांचा दुसरा मोठा आधार भविष्य निर्वाह निधीचा होता. नोकरी १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असल्याने जुनी योजना लागू होती आणि घरखरेदीसाठी ना-परतावा रक्कम काढता येत होती. सक्तीने कापल्या जाणाऱ्या या निधीवरच्या वाढीबद्दल उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. आम्ही मुफ्तीसाहेबांना विचारून, त्यांनी सांगितलं तसं केलं. ज्यांना या निधीतून पैसे काढायचे आहेत त्यांनी अर्ज मुख्याध्यापकांमार्फत लवकर द्यावा आणि विकणाऱ्याला तारीख देताना हा वेळ धरावा. मंजुरी, बिल आणि खात्यात रक्कम यात महिने जातात. म्हाडाच्या पुणे मंडळात सांगली जिल्हा येतो, म्हणून तिथल्या सोडतीतही दोनदा अर्ज केला. नंबर लागला नाही, अनामत परत आली. अर्ज करायला काहीच हरकत नाही, फक्त नंबर लागला तर ठरलेल्या मुदतीत पैसे उभे करावे लागतात हे ध्यानात ठेवावं.

पाचव्या वर्षापासून आम्ही घरं बघायला लागलो. आधी स्वस्तातलं दिसलं ते गुंठेवारीचं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट आपल्या वस्त्यांमध्ये भरपूर आहेत, कारण गरीब माणसाला तेच परवडतात. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये झाला आणि पुढे त्याची मुदत २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली. पण प्लॉट प्रत्यक्ष नियमित झाल्याचं प्रमाणपत्र हातात नसेल तर सातबारावर स्वतंत्र नाव लागणं आणि बांधकाम परवानगी मिळणं दोन्ही तेव्हा अडायचं. आम्हाला दाखवलेल्या प्लॉटला असं प्रमाणपत्र नव्हतं. "शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो, सगळे असंच करतात," असं सांगितलं गेलं. सगळे करतात हे खरं आहे. पण स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. नुसत्या मुखत्यारपत्राने आणि साठेखताने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. नोटरीच्या कागदावर घेतलेल्या घरात माणसं वीस-वीस वर्षं राहतात. पण मूळ मालक मेला, त्याची मुलं आली की त्या कागदाची किंमत कळते. आम्ही तिथून उठलो.

त्यानंतर एक घर मनापासून आवडलं. पहिल्या मजल्यावर, पूर्वेला खिडकी, मशीद पाच मिनिटांवर आणि किंमत २२ लाख. त्या भागात तसं घर २४ च्या खाली नव्हतं. विकणारे तिघे भाऊ आपलेच, दीनदार माणसं. घर त्यांच्या वडिलांच्या नावावर. आईवडील दोघेही वारलेले. बोलता बोलता कळलं की दोन बहिणी आहेत, एक बेळगावला आणि एक विजापूरला. आम्ही विचारलं, "बहिणींच्या सह्या?" भाऊ म्हणाले, "त्यांची लग्नं करून दिली, दागिने दिले. त्या काही मागत नाहीत." आम्ही वही काढली. तीन भाऊ आणि दोन बहिणी. सूरह निसाप्रमाणे भावाला दोन हिस्से, बहिणीला एक. एकूण आठ हिस्से. २२ लाखांत प्रत्येक बहिणीचे २ लाख ७५ हजार होतात. आम्ही म्हटलं, त्यांनी स्वखुशीने हक्क सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्या, नाहीतर त्यांनाही खरेदीखतात घ्या आणि त्यांचे धनादेश त्यांच्या नावाने काढू. मोठा भाऊ चिडला. "तुम्ही घर घ्यायला आलात की फतवा द्यायला?" दलालाने मधला मार्ग काढला, बहिणींची नोटरीवर संमती आणून देतो म्हणाला. त्या बहिणी सही करताना समोर कोण होतं, त्यांना काय सांगितलं गेलं, हे आम्हाला कधीच कळलं नसतं.

आम्ही ते घर सोडलं. कायद्याच्या दृष्टीनेही ते धोक्याचं होतंच, कारण वारसांपैकी एकाची सही राहिली तरी घेणाऱ्याची मालकी अपुरी राहते. पण त्या रात्री आमच्या बोलण्यात कायदा नव्हता. व्याज नको म्हणून पाच वर्षं थांबलेली माणसं दोन बहिणींच्या साडेपाच लाखांवर झोपणार होती. आपल्या समाजात व्याजाबद्दल जेवढं बोललं जातं त्याच्या निम्मं तरी बहिणींच्या वाट्याबद्दल बोललं जावं, असं आम्हाला फार वाटतं. व्याज निदान बँकेच्या कागदावर दिसतं. बहिणीचा खाल्लेला वाटा कुठेच दिसत नाही, आणि ईदला ती माहेरी आली की तिच्यासमोर त्याच घरात शीरखुर्मा ठेवला जातो.

शेवटी घर मिळालं ते रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचं. ते मुलाकडे पुण्याला चालले होते. २००९ च्या इमारतीतला ६२० चौरस फूट चटई क्षेत्राचा दोन बेडरूमचा फ्लॅट, किंमत २४ लाख. सगळं जमत आलं आणि ते म्हणाले, "वीस कागदावर दाखवू, चार वर रोख द्या. तुमचंही मुद्रांक शुल्क वाचेल." आम्ही हात जोडले. घरखरेदीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे, हे एक कारण. दुसरं म्हणजे निबंधकापुढे उभं राहून खोट्या आकड्याखाली सही करायची आणि मग त्याच घरात मुलांना खरं बोलायला शिकवायचं, हे जमणारं नव्हतं. काका दोन दिवस गप्प राहिले. मग त्यांचाच फोन आला, "मास्तर, चेकनेच द्या. माझ्याही म्हातारपणी भानगड नको." नंतर किल्ली देताना त्यांनी गॅलरीतली तुळस सोबत नेली आणि जास्वंदीची कुंडी आमच्यासाठी ठेवली.

कागद आम्ही वकिलांकडून तपासून घेतले. त्यांनी मागितलेली यादी इथे देतो, कारण हे कागद कोणालाही मागता येतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, मागच्या तीस वर्षांचा शोध अहवाल, आधीच्या प्रत्येक खरेदीची सूची क्रमांक दोन, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा भाग दाखला आणि ना-हरकत पत्र, घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल भरल्याच्या पावत्या. विकणाऱ्याकडे मूळ कागद आहेत की ते बँकेत गहाण आहेत, हे डोळ्यांनी पाहावं. नवीन इमारतीत घर घेणाऱ्यांनी महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही लक्षात ठेवावं. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असेल तर परवडणाऱ्या घरांवर १ टक्का आणि इतरांवर ५ टक्के लागतो. किंमत विचारताना चटई क्षेत्राचीच विचारावी.

घराची किंमत २४ लाख असली तरी घर २४ लाखांत होत नाही. मुद्रांक शुल्क शहरागणिक साधारण पाच ते सात टक्के असतं. आमचं शुल्क आणि नोंदणी फी मिळून १ लाख ६८ हजार झाले. वकील आणि इतर कागदांचे १५,०००, सोसायटीचे हस्तांतर शुल्क २५,०००. वायरिंग, ओटा, रंग, सामान हलवणं यांचे ९२,०००. वरचा खर्च बरोबर तीन लाख, म्हणजे एकूण २७ लाख. हे पैसे असे उभे राहिले. सात वर्षांची बचत १२ लाख ६० हजार. भविष्य निर्वाह निधीतून साडेसहा लाख. मेहरचं आणि माहेरचं काही सोनं विकून चार लाख, शिलाई आणि भिशीचे १ लाख ४० हजार. उरलेले अडीच लाख कर्ज-ए-हसना, दीड लाख भाईजानकडून आणि एक लाख खालाकडून.

आता प्रश्न आला नावाचा. महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. आमचे २४,००० वाचले असते. पुष्कळ घरांत ही सवलत घेतात आणि मनातून घर नवऱ्याचंच धरतात. पुढे माणूस गेला की भांडण सुरू होतं. नाव भाभीचं, पैसा भाईचा, मग वारसा कोणाचा लावायचा? आमच्या घरात यावर एक संध्याकाळ चर्चा झाली. सोनं आणि शिलाई मिळून ५ लाख ४० हजार होतात, म्हणजे २७ लाखांचा बरोबर पाचवा हिस्सा. "दागिना माझा होता, तर भिंतही माझी असू दे," असं घरातली बाई हसत म्हणाली, पण म्हणणं पक्कं होतं. बायकोचा पैसा हा तिचाच असतो, नवऱ्याचा त्यावर हक्क नाही, हे आपण भाषणात सांगतो. इथे ते कागदावर उतरवायची संधी होती. खरेदीखतात दोघांची नावं आणि वाटे लिहिले, ८० टक्के आणि २० टक्के. सवलतीचे २४,००० सोडले. सोसायटीत नामनिर्देशन केलं तेव्हाही मुलांना समजावून सांगितलं की नॉमिनी म्हणजे मालक नाही. घर वारसांचंच असतं आणि शरीयतप्रमाणे ज्याचा त्याचा वाटा त्याला मिळाला पाहिजे.

कर्ज-ए-हसना देताना भाईजान म्हणाले, "घरातल्या घरात कागद कसला?" सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनमधली सर्वांत मोठी आयत आहे आणि तिचा विषयच उधारीचा व्यवहार लिहून ठेवणं हा आहे, हे त्यांना दाखवलं. मग एका पानावर रक्कम, तारीख, फेडीची मुदत आणि दोन साक्षीदार लिहिले. पैसे बँकेतूनच घेतले. महिना १२,५०० प्रमाणे वीस हप्ते ठरले. खालाला पैशांची गरज आधी पडणार होती, म्हणून पहिले आठ हप्ते त्यांचे. त्या पानाची एक प्रत कपाटात वर ठेवली आहे आणि मुलाला सांगून ठेवलं आहे की आम्हाला काही झालं तर वाटण्या करण्याआधी हे कर्ज फेडायचं. वारसांचा हक्क त्यानंतर सुरू होतो.

हे लिहीपर्यंत चौदा हप्ते गेले आहेत. खालांचे पूर्ण झाले, भाईजानचे सहा राहिले आहेत. अम्मींनी गॅलरीत जास्वंदीशेजारी पुदिना लावला आहे. वहीची शेवटची काही पानं कोरी आहेत. धाकटी तिथे स्वतःचा हिशेब मांडते, ईदीचे पैसे, खाऊचे पैसे आणि सर्वांत उजवीकडे एक छोटा रकाना, ज्यावर तिने आपल्या अक्षरात 'जकात' लिहिलं आहे. निसाब म्हणजे काय हे तिला अजून समजावून सांगायचं आहे.